दीड बोटाचा वाकडेपणा

त्याला सगळे गुण्या म्हणत. सुताराच्या हत्यारांत काटकोन तपासायचा गुण्या असतो, त्याच्यावरून. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावर चढलं आणि तिथेच राहून गेलं. माणूस मुळात वाईट नव्हता. त्याला फक्त वाकडं सोसत नसे. कुणाच्या घरी गेला की कसे आहात विचारायच्या आधी त्याची नजर दाराच्या चौकटीवर जायची, आणि चौकट सूतभर कललेली असली तर त्या घरातला चहा त्याच्या घशाखाली नीट उतरत नसे. लग्न ठरवायला सासऱ्याच्या घरी गेला तेव्हा मुलगी समोर येऊन बसली, आणि हा उठून भिंतीवरची कललेली फळी ठोकून सरळ करू लागला. पुढे जन्मभर त्याची बायको सांगत राहिली, "हे मला बघायला आले होते की फळी बघायला, याचा निकाल अजून लागायचाय."

हात मात्र देवाने दिलेला. लाकडाची रेष तो तळव्याने वाचायचा. त्याच्या रंध्यातून ढलपी अशी निघायची की उन्हात धरली तर पलीकडचं झाड दिसावं. दोन फळ्या त्याने जोडल्या की सांधा नखाला लागत नसे. त्याचा बापही सुतारच. तो म्हणायचा, माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, ताणलेली दोरी खोटं बोलत नाही. बाप गेला तेव्हा त्याची हत्यारं आणि हे वाक्य, दोन्ही गुण्याकडे आली. हत्यारांना धार लावावी लागे. वाक्याला कधी लावावी लागली नाही.

लढाईचं चौथं वर्ष होतं तेव्हा लोखंड संपलं. कुंपणाच्या तारा गेल्या, जुने नांगर गेले, शिवणयंत्रांचे पाय गेले, मग घराघरांतून पातेली मागून नेली. एवढं सगळं वितळवूनही पुरेना, तेव्हा वरच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं की लाकूड अजून उभं आहे. मग सुतारांचा शोध सुरू झाला. गुण्याला आगगाडीने दोन तासांवरच्या एका शहरात नेलं. पूर्वी तिथे शाळेचे बाक बनवायचा कारखाना होता. खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासलेला, दारावर पहारा, आणि आत भिंतीला लावून ठेवलेले, कुणी न नेलेले चाळीस-पन्नास बाक. मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्यांची रांग होती, तिथे बायकोसकट त्याला एक खोली मिळाली. बावीस सुतार त्याच्या हाताखाली दिले. काम काय ते तिसऱ्या दिवशी कळलं. विमान करायचं होतं.

नकाशेवाले साहेब तेव्हा तिशीचे असतील. काटकुळे, जाड भिंगाचा चष्मा, कानामागे दोन-दोन पेन्सिली आणि तिसरी शोधत फिरायचे. आकड्यांत असा माणूस दुसरा नाही म्हणत. पण खिळा ठोकायला दिला तर अंगठा आधी सापडायचा. लग्न झालेलं नव्हतं. थोरली बहीण घर सांभाळायची, दुपारी डबा घेऊन यायची आणि साहेब जेवेपर्यंत फाटकाशी उभी राहायची, कारण नुसता डबा ठेवून गेलं तर तो संध्याकाळी तसाच परत मिळे.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बावीस सुतार त्याच्यावर वाकले. मग एका तरण्या सुताराने अदबीने विचारलं, साहेब, उरलेला अर्धा कागद कुठं राहिला?

कारण विमान अर्धंच दिसत होतं. इंजिन आणि शेपटी एका लांब धडावर होती आणि वैमानिकाची जागा त्या धडावर नव्हतीच. ती बाजूला, पंखावर, काचेच्या वेगळ्या खोलीत होती. एक पंख दुसऱ्यापेक्षा चांगला दोन हात लांब. बाजारातून जड पिशवी एका हातात धरून कुणी बाई घरी निघालेली असावी, तसा त्याचा आकार. साहेबांनी समजावलं. एरवी इंजिन वैमानिकाच्या नाकासमोर असतं, त्याला खालची जमीन धड दिसत नाही. ज्याला वरून पाहायचं आहे त्याच्याच डोळ्यांपुढे भिंत. म्हणून इंजिन एका अंगाला, माणूस दुसऱ्या अंगाला, आणि तोल साधायला पंख कमीजास्त. सुतारांनी माना डोलावल्या आणि त्याच संध्याकाळी विमानाचं नाव लंगडी ठेवलं.

गुण्याला ते नकाशे पाहून पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला एक वासा उचलायला सांगितला. वाशाच्या एका टोकाला भरलेली बादली टांगली आणि वासा मधोमध न धरता बादलीच्या बाजूला सरकवून खांद्यावर ठेवायला लावला. वासा आडवा, शांत राहिला. मध्य लांबीचा नसतो मिस्त्री, वजनाचा असतो, साहेब म्हणाले. गुण्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवसापासून तो त्या विमानाचा झाला. सुतार थट्टा करू लागले की तो त्यांना दमात घ्यायचा: नकाशात आहे तसं करा, विचारू नका, त्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते तुमच्या सात पिढ्यांच्या डोक्यात मावायचं नाही. हे साहेबांच्या कानावर जाई. त्यांना बरं वाटत असावं, कारण बाकी सगळा कारखाना, अगदी पहारेकरीसुद्धा, त्यांच्याकडे बघून ओठ दाबून हसायचा.

सगळ्यांत जास्त हसायचे ते मोठे साहेब. ते वरून नेमलेले अधिकारी, बूट वाजवत येणारे. त्यांना हे विमान पहिल्यापासून पसंत नव्हतं, आणि काम बंद पाडायला ते निमित्त शोधत होते. निमित्त मिळालं ते बिजागऱ्यांचं. काचेच्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या नकाशेवाल्या साहेबांनी नकाशात चुकीच्या अंगाला काढल्या होत्या. दार उघडलं असतं तर सरळ इंजिनाच्या फिरत्या पंख्याच्या तोंडात. साधी हातचूक. पण मोठ्या साहेबांनी सगळ्या सुतारांना कामावरून उठवून गोळा केलं आणि सर्वांसमोर साहेबांना खोडरबर दिलं. "खोडा," म्हणाले, "शाळेतल्या पोरासारखं खोडा. आणखी एक चूक सापडली तर हा तमाशा बंद, आणि तुम्ही बाक मोजायला." साहेब खोडत होते आणि त्यांच्या नाकावरून चष्मा घसरत होता. तो वर करायला त्यांचा हात मोकळा नव्हता. गुण्याने मान खाली घातली. आपल्या बापाला कुणी भर रस्त्यात बोलावं तसं त्याला झालं.

त्यानंतर आठ दिवसांनी शेपटीचा नकाशा त्याच्या हातात आला.

शेपटीवर एक उभं पान होतं, दारापेक्षा जरासं लहान. विमानाची दिशा धरून ठेवणारं. गुण्याने धडाच्या मध्यावर नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणली आणि नकाशातली मापं त्या दोरीवर घातली. पानाचं पुढचं टोक दोरीपासून दीड बोट बाजूला येत होतं. त्याने पुन्हा मोजलं. दीड बोट. पान दोरीला तिरकं उभं राहत होतं.

आता इथे तो दोन मिनिटं थांबला, आणि जे काय झालं ते त्या दोन मिनिटांत झालं. त्याने विचार केला तो सुताराचा. माणूस मोठा वाकडेपणा मुद्दाम करतो. पंख दोन हात लांब करायचा तर तो ठरवून करावा लागतो. पण दीड बोट कुणी ठरवून वाकडं करत नाही. दीड बोट हात घसरतो. रात्र रात्र जागणाऱ्या, वेळेवर न जेवणाऱ्या माणसाचा तर घसरणारच. बिजागऱ्यांचं तसंच झालं होतं. आणि आता हे मोठ्या साहेबांना दिसलं तर?

कारखान्याचा नियम होता की नकाशातलं काही बदलायचं तर नकाशेवाल्या साहेबांना बोलावायचं, त्यांनी तांबड्या पेन्सिलीने खूण करायची, मग हात लावायचा. साहेब पलीकडच्याच खोलीत होते. दार उघडं होतं. त्यांचा खोकला ऐकू येत होता. गुण्या उठला नाही. त्याने पान दोरीला लावून सरळ केलं, सरस भरला, शिकंजे आवळले, आणि सांध्यावरून हात फिरवला. सांधा नखाला लागत नव्हता. आपण एका भल्या माणसाची लाज राखली, असं त्याला वाटलं. त्या दिवशी तो जेवताना गुणगुणत होता, असं बायकोला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

लंगडीला उडवायला जो वैमानिक आला तो पोरसवदाच होता. तो आल्या आल्या ढलप्यांच्या ढिगावर बसकण मारून सुतारांच्या डब्यांत हात घालायचा. विमानाभोवती एक फेरी मारून म्हणाला, मिस्त्री, हिला नवरा मिळायची काही आशा नाही, तर मीच घेऊन जातो. सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, त्यांना हसताना गुण्याने तेवढंच पाहिलं.

वाऱ्याचा मागमूस नसलेली स्वच्छ सकाळ होती. लंगडी धावली, उचलली, आणि बावीस सुतारांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. आपल्या हातचं लाकूड आभाळात आहे, हे ज्याने पाहिलं त्याला त्याचं सुख विचारावं. गुण्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पण जरा वेळाने त्याच्या लक्षात आलं की विमान ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेला जात नाहीये. ते डावीकडे ओढ घेत होतं, पुन्हा सरळ होत होतं, पुन्हा ओढ घेत होतं. साहेब दुर्बिणीतून बघत होते आणि त्यांचे ओठ आकडे मोजल्यासारखे हलत होते. उतरायला वळताना इंजिनाचा आवाज एकदम वाढला, तोंड डावीकडे झटक्याने फिरलं, आणि लांब पंख जमिनीला टेकला. लाकूड आणि पेट्रोल. धावत जाईपर्यंत काही उरलं नव्हतं. उड्डाण अकरा मिनिटांचं झालं, असं नोंदीत लिहिलं गेलं.

चौकशी त्याच कारखान्यात, बाकांच्या शेजारी टेबल मांडून झाली. बाहेरून तिघे जण आले होते. जळालेल्या विमानाकडे बघून काही कळायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी नकाशे पसरले. त्यांतल्या एकाने शेपटीवर बोट ठेवून विचारलं, हे पान तिरकं कशासाठी?

साहेब उभे राहिले. म्हणाले, ते मुद्दाम आहे. इंजिनाचा झोत विमानाचं तोंड डावीकडे ओढतो. या विमानात ती ओढ जास्त. पान दीड बोट तिरकं ठेवलं की ओढ मोडते.

"मोडली का?" त्या माणसाने विचारलं.

साहेब खाली बसले.

गुण्या भिंतीशी उभा होता. साहेबांचं वाक्य संपायच्या आत त्याला सगळं कळलं. तेवढ्यात त्या माणसाने त्याच्याकडे वळून विचारलं, मिस्त्री, पान नकाशाप्रमाणेच बसवलं होतं ना?

खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. त्याला फक्त थोडा वेळ हवा होता, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते.

"होय," तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत उपकार मानल्यासारखं काही तरी होतं: माझ्या चुकीचा ठपका असो, पण या माणसाने माझं काम इमानाने केलं. गुण्याने जन्मात शिव्याही खाल्ल्या असतील, पण त्या नजरेइतकी कुठलीच लागली नाही.

निकाल सरळ होता. वाकडं विमान वाकडं उडालं. नकाशात दोष, आणि तो नकाशा काढणाऱ्याचा. साहेबांना काढून टाकलं, काम बंद झालं, आणि चार महिन्यांनी लढाईच संपली. लंगडी कुणावर चालून गेली नाही, कुणी तिच्यावर चालून आलं नाही. ती एकच माणूस मारून मोकळी झाली, आणि तो आपलाच.

गुण्या घरी परतला. पहिल्याच थंडीत त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने भाजी पूर्ण निवडली, देठ गोळा केले, आणि मग बोलली. "वाकडं सरळ केलं ते हाताने. हात चुकतो, त्याला क्षमा आहे. सरळ वाकडं केलं ते तोंडाने. त्याचं तुम्ही जाऊन सांगा."

तो म्हणाला, जाईन. आणि गेला नाही. पहिल्या वर्षी साहेबांचा पत्ता माहीत नव्हता. पुढे पत्ता विचारायला कुणी सापडलं नाही, म्हणजे त्याने कुणाला विचारलं नाही. मग वाटलं, इतक्या वर्षांनी जुनी जखम कशाला उकरायची. साहेब विसरलेही असतील, कुठे मोठ्या जागेवर असतील. बायको वर्षातून एकदा तरी तो विषय काढायचीच. तो रंधा जोरात मारायचा, म्हणजे ऐकू येत नाही असं दाखवता यावं. एकदा ती म्हणाली, "सगळ्या गावाच्या चौकटी सरळ केल्या. आपल्याच दारातून आत येताना मान वाकडी करून का येता?"

आणि गावात त्याचं नाव वाढत गेलं, हे त्याहून वाईट. विमान बनवलेला माणूस. लांबून लोक कपाटं करून घ्यायला यायचे. "विमान उडवलंत हो, आणि आमच्या खाटेला तीन महिने?" अशी थट्टाही कौतुकानेच व्हायची. तो विमानाबद्दल एक अक्षर बोलत नसे, तर लोक म्हणत, बघा, भरल्या घागरीला आवाज नसतो.

अशी एकतीस वर्षं गेली. मग एक दिवस पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुस्तकांचं कपाट सांगायला आले. ते त्या कारखान्याच्याच शहरचे. बोलता बोलता म्हणाले, आमच्या नातीला गणित शिकवायला एक म्हातारे आहेत, पूर्वी विमानं काढायचे म्हणे. एक वाकडंच विमान काढलं होतं, पडलं ते. पोरं त्यांना लंगडे मास्तर म्हणतात, पाय धडधाकट असून.

गुण्याच्या हातातली मोजपट्टी तशीच राहिली. चहा घेऊन आलेल्या बायकोने मात्र गृहस्थांना पत्ता विचारला, आणि सुताराच्याच पेन्सिलीने तो एका फळीच्या तुकड्यावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर धुतलेला सदरा होता आणि सदऱ्यावर तो तुकडा. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर माडी होती. जिना उभा, कठडा हलणारा. दार साहेबांच्या बहिणीने उघडलं. ती आता पांढरी झाली होती, पण फाटकाशी उभी राहायची तशीच उभी होती. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाली, अरे, तुझे मिस्त्री आलेत.

खोली एकच. खिडकीशी टेबल, दोन खुर्च्या, शिकणाऱ्या पोरांसाठी सतरंजी, आणि भिंतीला लावून वह्यांचे गठ्ठे. साध्या शाळेच्या वह्या, छातीपर्यंत उंच. साहेब वाळून आणखी काटकुळे झाले होते. ते एवढे आनंदले की चष्मा न घेताच उठले. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, बहिणीला चहा टाकायला सांगितलं, आणि म्हणाले की या माणसाबद्दल मी तुला नेहमी सांगत आलो. बाकी सगळे हसायचे तेव्हा याने एका शब्दाने का म्हणून विचारलं नाही. मग त्यांनी वह्यांकडे हात केला. शेपटीच्या पानाचं गणित, म्हणाले. एकतीस वर्षं करतोय. दीड बोटात चूक कुठे होती ती सापडत नाही. कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर दीडच येतं. हवेचा वेग बदलून पाहिला, वजन बदलून पाहिलं. कुठे तरी मी आंधळा आहे, मिस्त्री, आणि मला माझंच आंधळेपण दिसत नाही.

गुण्याने घरून चार वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"साहेब, पान सरळ बसवलं होतं," तो म्हणाला. "मी बसवलं. दोरीला लावून. दीड बोट मी काढून टाकलं."

खाली दुकानात कुणी तरी चाक फिरवून बघत होतं, त्याची कुरकुर तेवढी येत राहिली. साहेबांनी चष्मा शोधून घातला. एक वही ओढली, पेन्सिल घेतली, आणि शेपटीचं पान पूर्ण सरळ आहे असं धरून आकडे मांडायला लागले. वहीची पानं भरत गेली. बहिणीने चहा आणून ठेवला, तो निवला. मग साहेबांनी पेन्सिल ठेवली.

"बरोबर होतं," ते म्हणाले. पाढा न चुकता म्हणून झालेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग तो उजेड गेला. त्या वैमानिक पोराने उजव्या पायाने सुकाणूचा दांडा दाबून ओढ धरून ठेवली असणार, ते हळूच म्हणाले, साधारण धान्याच्या भरल्या पोत्याएवढं वजन, अकरा मिनिटं एका पायावर. वळताना पाय सुटला.

गुण्याने मान खाली घातली. आता ते अंगावर येतील असं त्याला वाटलं. त्याची त्याला तयारी होती, खरं म्हणजे तेवढ्याचसाठी तो आला होता.

"मी पलीकडच्या खोलीत होतो," साहेब म्हणाले. "विचारलं का नाही?"

"मोठे साहेब तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते. पुन्हा तसं व्हायला नको म्हणून."

"म्हणजे चूक माझीच, याची तुम्हाला खात्री होती."

एकतीस वर्षं गुण्याने ती गोष्ट स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगितली होती, अशी कधी सांगितली नव्हती.

"त्या आख्ख्या कारखान्यात मला वेडा न समजणारा एक माणूस आहे, असं मी धरून चाललो होतो," साहेब म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "चौकशीतसुद्धा. नोकरी गेली, बदनामी झाली, तेव्हाही तेवढं एक होतं माझ्याकडे. तेही तुम्ही आज घेऊन चाललात."

मग त्यांनी त्याला चहा प्यायला सांगितलं. निवलाय, ताई दुसरा करून देईल, म्हणाले. गुण्या नको म्हणाला आणि निवलेलाच प्याला. साहेब खिडकीकडे तोंड करून बसले. तो निघतो म्हणाला तेव्हा त्यांनी हात वर केला, पण वळले नाहीत. टेबलावरची वही मिटलेली होती आणि पेन्सिल तिच्यावर आडवी ठेवलेली.

बहीण जिन्याच्या तोंडापर्यंत आली. तिने दार मागे ओढून घेतलं होतं.

"तुम्ही आलात ते चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "लवकर आला असतात तर त्याचा जन्म वाचला असता. आला नसतात तर उरलेली वर्षं तरी गेली असती. रोज सकाळी उठून तो त्या वह्या काढतो. म्हणतो, आज सापडेल. आता उद्या उठून तो काय करील, तेवढं मला सांगून जा."

त्याने कठडा धरला होता. कठडा हलत होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती आत गेली.

गाडी उशिरा होती. घरी पोचला तेव्हा बायको उंबऱ्याशी बसली होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

तो खाली बसून चपलेचा पट्टा सोडू लागला. पट्टा लवकर सुटेना.

"चहा दिला," तो म्हणाला.